न पाहिलेलं रान

एका मोठ्या कॅनव्हासवर रान उभं आहे. उंची दोन मीटरहून थोडी जास्त, रुंदी तीन मीटरला जेमतेम कमी. पानं माणसाहून मोठी. निळी-गुलाबी कमळं पाण्यातून उगवायची सोडून झाडोऱ्यातूनच लांब देठांवर वर आली आहेत. मधल्या गवतातून दोन सिंह डोकी काढून बघताहेत आणि त्यातल्या एकाची नजर सरळ आपल्यावर आहे. त्यांच्यामागे झाडांच्या काळोखात, कमरेला रंगीत पट्ट्यांचं वस्त्र गुंडाळलेला एक काळासावळा वादक सुषिर वाद्य वाजवतो आहे. खाली नारिंगी अंगाचा साप गवतातून सरकतो आहे. पानांआड हत्ती, फांद्यांवर पक्षी आणि माकडं, वर पूर्ण चंद्र. आणि या सगळ्या रानात, डाव्या हाताला, एक तांबूस मखमली सोफा मांडलेला आहे. त्यावर एक विवस्त्र स्त्री रेलली आहे. तिच्या दोन लांब वेण्या पुढे आल्या आहेत आणि तिचा हात वाद्याच्या आवाजाच्या दिशेने पुढे झाला आहे.

या चित्राचं नाव ‘स्वप्न’. चित्रकार आन्री रूसो. अठराव्या शतकातल्या तत्त्वज्ञ रूसोशी याचा काही संबंध नाही. चित्र 1910 सालचं आहे आणि आज ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. रूसोने वीसहून अधिक रानचित्रं काढली, त्यातलं हे सगळ्यात मोठं आणि शेवटचं.

या माणसाने आयुष्यात रान पाहिलं नव्हतं. तो फ्रान्सच्या बाहेर कधी गेला नाही. चित्रकलेच्या शाळेतही तो कधी गेला नाही. त्यामुळे त्याच्याबद्दल एक सोपी समजूत रूढ झाली: भोळा माणूस, मनात आलं ते काढलं आणि चमत्कार झाला. या प्रकरणात ती समजूत तपासून पाहायची आहे. ‘स्वप्न’मधलं रान आपोआप उगवलेलं नाही, ते फार कष्टाने लावलेलं आहे. हे कष्ट कुठे आणि कसे झाले हे कळलं, की ‘स्वशिक्षित कलावंत’ म्हणजे नेमकं कोण, याचंही उत्तर मिळतं. ते उत्तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीसारख्या गावात राहणाऱ्यांनाही उपयोगाचं आहे. इथे खरं रान हाताशी आहे आणि कलेची मोठी शाळा लांब.

जकात नाक्यावरचा माणूस

रूसोचा जन्म 21 मे 1844 रोजी पश्चिम फ्रान्समधल्या लाव्हाल या गावात झाला. वडील पत्र्याच्या वस्तू बनवायचे. धंदा कर्जात बुडाला आणि राहतं घर गेलं. मुलगा शाळेत बेताचा, फक्त चित्रकला आणि संगीतात बक्षिसं मिळवणारा. तरुणपणी एका वकिलाच्या कचेरीत काम करताना त्याने किरकोळ चोरी केली आणि शिक्षेतून सुटायला 1863 मध्ये तो सैन्यात दाखल झाला. पुढे त्याच्या मित्रांनी अशी कथा पसरवली, की सैन्याबरोबर तो मेक्सिकोला गेला आणि तिथली जंगलं त्याच्या डोळ्यांत राहिली. रूसोने ती कथा कधी खोडून काढली नाही. प्रत्यक्षात त्याची पलटण फ्रान्समध्येच होती. मेक्सिकोहून परतलेल्या शिपायांच्या गोष्टी मात्र त्याच्या कानावर पडल्या असणार.

1868 मध्ये वडील वारले. सैन्य सोडून तो पॅरिसला आला आणि 1871 मध्ये शहराच्या जकात खात्यात लागला. जकात म्हणजे काय हे महाराष्ट्राला सांगायला नको. 2017 साली जीएसटी येईपर्यंत मुंबईच्या वेशीवर मालाचे ट्रक नाक्यावर थांबतच होते. तशाच पॅरिसच्या वेशीवर दारू, धान्य, गुरं, चारा घेऊन येणाऱ्या गाड्या तपासण्याचं रूसोचं काम होतं. हुद्दा खालचा, पाळ्या लांबलचक. दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात आणि सुट्टीच्या दिवशी तो चित्रं काढायचा.

घरी सुख नव्हतं. पहिली बायको क्लेमॉन्स 1888 मध्ये गेली. मुलं झाली, पण बहुतेक लहानपणीच दगावली. दुसरी बायको जोझेफीनही 1903 मध्ये गेली. 1893 मध्ये, वयाच्या 49 व्या वर्षी, त्याने नोकरी सोडली आणि तुटपुंज्या पेन्शनवर पूर्ण वेळ चित्रकार झाला. पेन्शन पुरत नसे, म्हणून तो आसपासच्या लोकांना व्हायोलिन आणि चित्रकला शिकवायचा, कधी रस्त्यावर वाजवायचा. ‘स्वप्न’मध्ये मध्यभागी वादक का आहे, हे समजायला ही माहिती उपयोगी पडते. संगीत हे त्याचं पोट भरायचं साधन होतं आणि मनाचा विसावाही.

काचघरातलं जंगल

आता मूळ प्रश्न. फ्रान्सच्या बाहेर न पडता रूसोने रान कुठे पाहिलं?

सीन नदीच्या काठी ‘झार्दां दे प्लांत’ नावाची जुनी वनस्पती-बाग आहे. तिथे उष्ण कटिबंधातल्या झाडांसाठी काचेची उंच घरं आहेत, प्राण्यांचं संग्रहालय आहे आणि निसर्ग-इतिहासाच्या दालनात पेंढा भरलेले प्राणी मांडलेले आहेत. रूसो तिथे पुन्हा पुन्हा जायचा. काचघरात शिरलं, की आपण स्वप्नात शिरल्यासारखं वाटतं, असं त्याने भेटायला आलेल्या माणसांना सांगितलं होतं. 1889 मध्ये आयफेल टॉवरबरोबर भरलेलं जागतिक प्रदर्शनही त्याने पाहिलं. तिथे फ्रान्सच्या वसाहतींची दालनं होती, दूरदेशीचे लोक आणि त्यांच्या वस्त्या प्रेक्षकांसाठी उभ्या केल्या होत्या. त्या प्रदर्शनावर त्याने एक हलकंफुलकं नाटकही लिहिलं.

दुसरा आधार छापील चित्रांचा. एका मोठ्या दुकानाने काढलेला वन्य प्राण्यांच्या चित्रांचा संग्रह त्याच्याजवळ होता. त्यातले प्राणी तो पँटोग्राफने मोठे करून कॅनव्हासवर घ्यायचा. आपल्याकडे कारागीर मोठा आराखडा उतरवायला चौकटी आखतात, त्याच कामाचं हे यंत्र. 1905 मध्ये त्याने भुकेला सिंह हरणावर तुटून पडल्याचं प्रचंड चित्र प्रदर्शनात मांडलं. त्यातला सिंह आणि हरीण निसर्ग-इतिहास दालनातल्या पेंढा भरलेल्या जोडीवरून घेतलेले आहेत. झाडं मात्र मोठी केलेली. काचघरातल्या कुंडीतलं गुडघाभर रोप त्याच्या चित्रात पुरुषभर होतं.

तिसरा आधार माणसांच्या गोष्टींचा, आणि इथे भारत येतो. 1907 मध्ये रूसोने ‘गारुडीण’ हे चित्र काढलं. चंद्रप्रकाशात नदीकाठी उभी काळी बाई बासरी वाजवते आहे आणि साप झाडांवरून खाली येताहेत. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. हे चित्र त्याच्याकडून काढून घेतलं बेर्त दलोने यांनी. त्या रूसोचा तरुण चित्रकार मित्र रोबेर दलोने याच्या आई. भारतात त्या फिरून आल्या होत्या आणि तिथल्या आठवणी त्यांनी रूसोला सांगितल्या होत्या. म्हणजे भारत पाहिलेल्या बाईच्या बोलण्यातून, भारत न पाहिलेल्या माणसाने, भारतात कुठेच नसलेली नदी काढली.

हे सांगताना एक गोष्ट दडवता येणार नाही. त्या काळच्या पॅरिसला आफ्रिका, आशिया, अमेरिका इथली रानं रानटी, हिंस्र, गूढ म्हणूनच ठाऊक होती. मासिकांमधली चित्रं, प्रदर्शनातल्या मांडण्या, शिकारकथा, सगळ्यांतून हाच सूर होता. वसाहतींचं राज्य टिकवायला असं चित्र सोयीचंही होतं. रूसोची कल्पना याच मातीत रुजली. ‘स्वप्न’मधल्या काळ्या वादकाला नाव नाही, तो कुठला हेही कुणी विचारत नाही. सोफ्यावरच्या गोऱ्या स्त्रीला मात्र नाव आहे: याद्विगा. रूसो तरुण असताना त्याच्या ओळखीत या नावाची एक पोलिश स्त्री होती, असं सांगतात. हा फरक लक्षात ठेवूनच चित्राकडे बघायला हवं. तरीही एक गोष्ट रूसोच्या बाजूने आहे. 1891 च्या वादळातल्या वाघापासून 1905 च्या सिंहापर्यंत त्याची बहुतेक प्रसिद्ध रानचित्रं झडपेची आणि रक्ताची आहेत. ‘गारुडीण’ आणि ‘स्वप्न’ इथे मात्र रान शांत होतं, प्राणी थबकतात आणि ऐकतात. या दोन चित्रांत त्याच्या रानातून भीती ओसरली आणि गाणं उरलं.

स्वप्न कसं रचलं

रूसोचं रान स्वप्नासारखं का वाटतं, याचं उत्तर राधानगरी-दाजीपूरच्या रानात मिळतं. गारगोटीहून पश्चिमेकडे निघालं, की वाट चढत चढत सह्याद्रीच्या धारेला भिडते. तिकडचं दाजीपूरचं जंगल हे कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं राखीव रान होतं. 1958 मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झालं आणि आज राधानगरी अभयारण्याचा विस्तार 351 चौरस किलोमीटर आहे. 2012 मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यातही हे रान आहे.

त्या रानात उभं राहिलं, की पहिल्यांदा काय कळतं? वेगळं पान दिसतच नाही. अंजन, जांभूळ, हिरडा, खाली कारवी, मधूनच वेली, सगळं एकात एक गुंतलेलं. चार पावलांवरचं स्पष्ट, त्यापुढचं अंधूक, त्यापलीकडे नुसता काळोख. उन्हाचे कवडसे सारखे हलतात. गवा असतो तिथेच, पण तो गवा आहे हे कळेपर्यंत तो आत गेलेला असतो. शेकरूचा आवाज येतो, शेकरू दिसत नाही. खऱ्या रानात आधी ऐकू येतं, मग दिसतं, आणि दिसतं ते अर्धवटच.

रूसोने यातला प्रत्येक नियम उलटा केला. त्याचं मागचं पान पुढच्या पानाइतकंच स्वच्छ आहे. अंतराने काही धूसर होत नाही. प्रकाश कुठून येतो ते सांगता येत नाही. चंद्र आकाशात आहे, पण सगळं दिवसासारखं उजळ आहे आणि सावल्या जवळजवळ नाहीत. मापांचा मेळ नाही: कमळाचं फूल सिंहाच्या तोंडाएवढं. काहीच हलत नाही. लपणं ज्यांचा स्वभाव, ते प्राणी उघड उभे राहून आपल्याकडे बघताहेत. स्वप्नात नेमकं हेच होतं. दूरची गोष्ट जवळच्याइतकी स्पष्ट दिसते, लहान-मोठ्याचा हिशेब राहत नाही आणि जे सहसा दिसत नाही तेच समोर येऊन उभं राहतं.

ही उलटापालट नकळत झालेली नाही, याचा पुरावा चित्राच्या कामात आहे. या चित्रात हिरव्याच्या कितीतरी छटा आहेत. पिवळट हिरवा, राखाडी हिरवा, निळसर हिरवा, जवळजवळ काळा. एका झाडाची पानं एकाच छटेची, शेजारच्या झाडाची दुसऱ्या, म्हणून दाट गर्दीतही एकही पान दुसऱ्यात मिसळत नाही. प्रत्येक पानाची कड सावकाश, न डगमगता ओढलेली आहे. कुंचल्याचे फटकारे दिसू नयेत इतका रंग गुळगुळीत बसवला आहे. त्या काळचे नावाजलेले चित्रकार पॅरिसमध्ये झटपट, तुटक फटकाऱ्यांनी रंगवत होते. रूसोचा आदर्श मात्र जेरोमसारखे जुन्या शिस्तीचे, सफाईदार चित्रकार होते. त्याला भोळं दिसायचं नव्हतं, निष्णात दिसायचं होतं. 1884 मध्ये लूव्र संग्रहालयात बसून जुन्या चित्रांच्या नकला करण्याचा परवाना त्याने मिळवला, तो त्याचसाठी. ती सफाई त्याला ज्या मार्गाने साधली, त्या मार्गावर दुसरं कुणी नव्हतं. वेगळेपण त्यातून आलं.

आणि तो सोफा? आंद्रे द्युपों या समीक्षकाने विचारलं, तेव्हा रूसोने पत्राने उत्तर दिलं: ही स्त्री आपल्या घरी सोफ्यावर झोपली आहे, तिला स्वप्नात रानात आल्यासारखं वाटतं आहे आणि गारुड्याचं वाद्य ऐकू येतं आहे, म्हणून सोफा रानात. लेखक आंद्रे साल्मों याला मात्र त्याने वेगळं कारण सांगितलं: तिथे लाल रंग हवा होता. मला ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी वाटतात. हिरव्याच्या एवढ्या पसाऱ्यात तो तांबूस तुकडा काढून टाकला, तर चित्राचा डावा भाग खचतो. कलावंताचं स्वप्नही शेवटी रंगांच्या हिशेबावर उभं असतं, हे तो जकात नाक्यावरचा माणूस नेमकं जाणत होता.

हसणारे आणि ओळखणारे

1886 मध्ये रूसोने ‘स्वतंत्र चित्रकारांच्या’ प्रदर्शनात पहिल्यांदा चित्रं मांडली. 1884 मध्ये सुरू झालेल्या या प्रदर्शनाला निवड समितीच नव्हती. शुल्क भरा आणि चित्र लावा. निवड समिती असती, तर रूसो आज कुणाला ठाऊकच नसता. पुढे जवळजवळ दरवर्षी त्याने तिथे चित्रं लावली आणि जवळजवळ दरवर्षी लोक त्याच्या चित्रांपुढे उभं राहून हसले. टीकाकारांची कात्रणं तो वहीत जपून ठेवायचा. 1891 मध्ये वादळात दबा धरलेल्या वाघाचं त्याचं पहिलं रानचित्र आलं, तेव्हा फेलिक्स व्हालोतों या तरुण स्विस चित्रकाराने मात्र या माणसाची ताकद ओळखून गंभीरपणे लिहिलं.

1908 मध्ये पिकासोने एका जुन्या-पान्या सामानाच्या दुकानात रूसोने काढलेलं एका स्त्रीचं व्यक्तिचित्र पाहिलं. दुकानदार ते पाच फ्रँकला विकत होता, तेही वर दुसरं चित्र रंगवायला जुना कॅनव्हास म्हणून. पिकासोने ते घेतलं आणि आयुष्यभर जवळ ठेवलं. त्याच वर्षी आपल्या स्टुडिओत त्याने रूसोच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. त्या मेजवानीत थट्टा किती आणि आदर किती, यावर आजही वाद आहे. पण चित्र जपून ठेवणारा माणूस थट्टा करत नसतो.

‘स्वप्न’ 1910 च्या वसंतातल्या प्रदर्शनात लागलं. या वेळी कवी आपोलिनेर यांनी त्याचं उघड कौतुक केलं. चित्रविक्रेते व्होलार यांनी ते विकत घेतलं. पण फार उशीर झाला होता. पायाच्या जखमेतून गँगरीन होऊन 2 सप्टेंबर 1910 रोजी रूसो पॅरिसच्या इस्पितळात वारला. अंत्ययात्रेला मोजकी माणसं होती. पुढच्याच वर्षी विल्हेल्म ऊदे यांनी त्याच्यावर पहिलं पुस्तक लिहिलं. 1954 मध्ये नेल्सन रॉकफेलर यांच्या देणगीतून ‘स्वप्न’ न्यूयॉर्कच्या संग्रहालयात कायमचं दाखल झालं.

त्याच सुमारास, कोल्हापुरात

रूसो पॅरिसमध्ये शेवटचं रान रंगवत होता त्याच सुमारास कोल्हापुरात नात्याने भाऊ असलेले दोन तरुण नाटकांचे पडदे रंगवू लागले होते. आनंदराव आणि बाबूराव. बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म 3 जून 1890 चा. वडील सुतारकाम, कोरीवकाम, मूर्तिकाम यात वाकबगार. बाबूरावांना चित्रकलेच्या शाळेचं शिक्षण मिळालं नाही. घरातली कारागिरी, छापील चित्रं आणि डोळे उघडे ठेवून केलेला सराव, हीच त्यांची शाळा. राजर्षी शाहू महाराजांच्या काळातलं कोल्हापूर कलावंतांना हात देणारं होतं. महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर आज केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखलं जातं. ऑगस्ट 2024 मध्ये ते आगीत जळालं, तेव्हा सारा जिल्हा हळहळला.

संगीत नाटक कंपनीच्या सामानात काही पडदे असावेच लागत: राजवाड्याचा, रस्त्याचा, बागेचा आणि जंगलाचा. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ला कण्वाचा आश्रम हवा, ‘सौभद्र’ला अरण्य हवं. मोठ्या कापडावर सरसात कालवलेले पुडीचे रंग, वर झालर, बाजूंना विंगा. दिव्यांच्या उजेडात लांबून बघणाऱ्या प्रेक्षकाला रान वाटलं पाहिजे, म्हणून पान मोठं, कड ठळक आणि छटा एकमेकींपासून वेगळ्या. रूसोचं रानही असंच एकामागे एक उभ्या केलेल्या विंगांचं आहे. पुढे गवत, मग झुडपं, मग झाडं, प्रत्येक थर सपाट. रूसो आणि बाबूराव यांना एकमेकांची नावंही ठाऊक नव्हती. पण रंगमंचापुरतं रान रचायचं ठरवलं, की हात एकाच वाटेने जातो.

पुढे मात्र वाटा फुटल्या. 1916 मध्ये आनंदराव गेले. दोघांनी मिळून सिनेमाचं स्वप्न पाहिलं होतं, ते बाबूरावांनी पुढे नेलं. शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साथीने कॅमेरा घरीच तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. गंमत बघा: पडदे रंगवण्यात हात बसलेल्या याच माणसाने सिनेमात रंगवलेल्या पडद्यांऐवजी खरेखुरे, तिन्ही बाजूंनी फिरता येईल असे सेट आणले. 1925 च्या ‘सावकारी पाश’मध्ये ते थेट खेड्यातल्या कर्जबाजारी शेतकऱ्याच्या जगण्यापर्यंत पोचले. पॅरिसचा स्वशिक्षित माणूस वास्तवापासून स्वप्नाकडे गेला, कोल्हापूरचा स्वशिक्षित माणूस पडद्यावरच्या स्वप्नापासून वास्तवाकडे. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल त्यांच्याच हाताखाली तयार झाले आणि पुढे ‘प्रभात’ फिल्म कंपनीची पायाभरणी त्यांनीच केली. शाळेत न गेलेला माणूस स्वतःच एक शाळा झाला.

स्वशिक्षित म्हणजे कोण?

तिसरं उदाहरण महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाचं. जिव्या सोमा म्हसे (1934–2018) हे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार. वारली घरांच्या भिंतींवर लग्नाचा चौक लिहिण्याचा मान बायकांचा होता. म्हसे यांनी पुरुष असून आणि विधीचं निमित्त नसताना रोज चित्रं काढली. 1970 च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी त्यांना कागद आणि रंग दिले, तेव्हा भिंतीवरची कला कागदावर आली आणि जगभर गेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या झाडांची पानं ठिपक्याएवढी, पण एकेक पान वेगळं. ते रान त्यांच्या रोजच्या पाहण्यातलं होतं आणि त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा होती. तरीही चित्राची चौकट, मांडणी आणि विषय त्यांचे त्यांनाच शोधावे लागले.

ही तीन माणसं शेजारी ठेवली, की एक गोष्ट स्पष्ट होते. स्वशिक्षित म्हणजे अशिक्षित नव्हे. तिघांनाही शिक्षक होते, फक्त ते शाळेच्या हजेरीपटावर नव्हते. रूसोला काचघर, लूव्र आणि छापील चित्रं यांनी शिकवलं. बाबूरावांना वडिलांच्या हत्यारांनी आणि नाटक कंपन्यांच्या गरजांनी शिकवलं. म्हसे यांना भिंत लिहिणाऱ्या बायकांनी आणि आजूबाजूच्या रानाने शिकवलं. फरक पडला तो दुसऱ्या ठिकाणी: कुणीतरी कागद देण्याचा, पडद्याचं काम देण्याचा, चित्र लावायला जागा देण्याचा. पॅरिसमध्ये ही जागा निवड समिती नसलेल्या एका प्रदर्शनाने दिली, कोल्हापुरात नाटकवाल्यांनी, डहाणूत एका जाणत्या चित्रकाराने. प्रतिभा माणसाची असते, पण ती टिकते आसपासच्या लोकांमुळे.

गारगोटीला हा विचार नवा नाही. 1952 मध्ये जे. पी. नाईक यांनी इथे मौनी विद्यापीठ उभं केलं, ते शिक्षण खेड्याच्या जगण्याशी जोडलेलं असावं म्हणूनच. पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून साऱ्या देशाच्या शिक्षणाचा विचार करतानाही शाळेच्या चार भिंतींबाहेरच्या शिक्षणाला त्यांनी मोठं स्थान दिलं. त्या विचाराला चित्रकलेची जोड देणं आजही शक्य आहे. भुदरगड तालुक्यातल्या शाळांमधली मुलं रान दररोज बघतात. त्यांना परीक्षेसाठी डोंगर, दोन नारळाची झाडं आणि मधून उगवणारा सूर्य काढायला लावू नका. कारवीचं एकच पान द्या, त्याची कड ओढायला सांगा, त्यात हिरव्याच्या किती छटा दिसतात ते विचारा. मग डोळे मिटून रान काढायला सांगा आणि त्यातल्या मापांच्या चुका दुरुस्त करू नका.

एक विनंती मोठ्यांनाही. जुन्या रंगमंचांच्या खोल्यांत, देवळांच्या माळ्यांवर, गावोगावच्या नाट्यमंडळांच्या पेट्यांत रंगवलेले पडदे अजून निघू शकतात. त्यांवर सही नसते, म्हणून ते पोतं म्हणून वापरले जातात किंवा जाळले जातात. असा पडदा हाती लागला, तर घडी घालू नका. घडीवर रंग तडकतो. रंगाची बाजू बाहेर ठेवून मोठ्या नळीवर गुंडाळा, ओल लागणार नाही अशा जागी ठेवा, भरपूर उजेडात त्याचे फोटो काढा आणि तो कुणी, कुठल्या नाटकासाठी रंगवला होता हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. रूसोने काढलेलं व्यक्तिचित्र पाच फ्रँकला विकायला ठेवणाऱ्या दुकानदाराने जी चूक केली, ती आपण करायचं काही कारण नाही.